जिच्यावर दाम येत नाही

विजेचा खांब माझ्या फाटकासमोरच आहे, हेच सगळ्या भानगडीचं मूळ. सिंदी मेघेतल्या आमच्या गल्लीत दुसरे खांब नाहीत असं नाही, पण एकाला कुणाची मोटारसायकल टेकलेली, दुसऱ्यापाशी कचऱ्याची बादली. मोकळा काय तो माझ्यापुढचा. त्यामुळे उन्हाळ्याच्या सुट्टीत ऊन जरा उतरलं की अख्ख्या गल्लीतल्या पोरांचा कालवा माझ्या दारात. मी आर्वी डेपोत कंडक्टर होतो. जन्मभर भरल्या गाडीत ओरडून आवाज असा झालाय, की पाणी मागितलं तरी लोकांना भांडतोयसं वाटतं. त्या आवाजात मी पोरांना रोज दम भरायचो आणि पोरं तो मुकाट ऐकून घेऊन पुन्हा तिथेच खेळायची. मला ते आवडायचं, पण हे मी त्यांना कधी कळू दिलं नाही.

मागच्या मे महिन्यात लेक पुण्याहून माहेरपणाला आली, सहा वर्षांच्या नातीला घेऊन. बायको गेल्यापासून घरात मी एकटाच, त्यामुळे त्या दोघी आल्या की मला घर दुसऱ्याच कुणाचं वाटायला लागतं. नातीच्या सोसायटीत म्हणे खेळायला रबराची जमीन आहे, घसरगुंडी आहे, आणि शिट्टी गळ्यात अडकवलेला वॉचमन आहे. बाकावर आया बसतात, पुढ्यात मुलं खेळतात. सगळं कसं डोळ्यांदेखत. पहिल्याच संध्याकाळी नात माझ्या फाटकाच्या गजांतून बाहेरचा धुडगूस पाहत उभी राहिली. ती ज्या डोळ्यांनी पाहत होती ते पाहून मी म्हटलं, "जाय न खेळाले."

लेकीनं आतूनच आवाज दिला, "बाबा, रस्त्यावर नाही हं."

"तू कोठी वाढली वं? याच रस्त्यावर न? तवा तं नुसता मुरूम होता. गुडघे फोडून घेऊन येत जाय रोज."

"तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

हे वाक्य मला मुळीच सहन होत नाही. तेव्हाही विहिरी होत्या, ट्रक होते, पिसाळलेली कुत्री होती. मी नातीचा हात धरला, फाटक उघडलं आणि शेजारच्या पोरीच्या ताब्यात तिला दिलं. ही शेजारची पोर बारा वर्षांची, गल्लीतल्या टोळीची म्होरकी. तिच्या घरची पवनारच्या रस्त्याला भाजीची वाडी आहे. आई पहाटे उठून माल बाजारात नेते, तेव्हा ही घर सांभाळते, धाकट्या भावाला अंघोळ घालते, आणि संध्याकाळी सगळ्या गल्लीवर राज्य करते. तिनं नातीला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि निकाल दिला, "लहानी हाये. दूधभात घेऊ."

तिकडे ज्याला लपाछपी म्हणतात, तीच आमची रेसटीप. ज्याच्यावर दाम येतो त्यानं खांबाला डोकं टेकवून डोळे मिटायचे, शंभरपर्यंत अंक म्हणायचे आणि मग लपलेल्यांना हुडकायचं. कोणी दिसला की धावत येऊन खांबाला हात लावायचा नि 'रेसटीप' म्हणून त्याचं नाव घ्यायचं. तो गेला. पण हुडकणारा पाठमोरा असताना एखाद्यानं गुपचूप मागून येऊन पाठीत थाप मारली आणि 'धप्पा' म्हटलं, की सगळं मुसळ केरात. पुन्हा त्याच्यावरच दाम. आणि दूधभात म्हणजे लहान भावंडं. त्यांना खेळात घ्यावंच लागतं, नाहीतर घरी जाऊन भोकाड पसरतात. दूधभातानं लपावं, पळावं, ओरडावं, पण त्याच्यावर दाम येत नाही, त्याचा धप्पा धरत नाहीत, आणि दाम देणाऱ्यानं त्याला शोधायचंही नसतं. आमच्या गाडीतही असंच असायचं. आईच्या मांडीवरचं लेकरू गाडीत असायचं, पण माझ्या तिकिटांत नसायचं.

हे नातीला कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या दिवशी ती लालबुंद चेहऱ्यानं घरी आली आणि म्हणाली, "आबा, मी एकदाही आउट झाले नाही!"

"वाघीण हायेस तू," मी म्हटलं. लेकीलाही हसू आलं. दोन-चार दिवसांत तिचा विरोध मावळला. पोरगी पोटभर जेवत होती, अंथरुणाला पाठ लागताच झोपत होती, आणखी काय पाहिजे.

त्या दिवशी आर्वीला लेकीच्या मामेबहिणीचं डोहाळजेवण होतं. उन्हात नातीला कशाला नेता, म्हणून मीच तिला ठेवून घेतलं. लेक सकाळच्या गाडीनं गेली. फाटकातून पुन्हा मागे वळून म्हणाली, "बाबा, लक्ष ठेवा."

"ठेवतो वं. येजो आरामानं."

ऊन कलल्यावर खेळ सुरू झाला. दाम शेजारच्या पोरीवर होता. मी पाइपानं कूलरमध्ये पाणी भरत होतो, मधूनच मागच्या नळाकडे जाऊन येत होतो. आमच्याकडे उन्हाळ्यात कूलर म्हणजे घरातलं एक माणूसच, त्याला वेळेवर पाणी पाजावं लागतं. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर तो बसवलाय, आणि खाली कुत्री येऊन बसतात म्हणून स्टँडच्या भोवती मी कुठल्यातरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स बांधून टाकलाय. कूलर भरता भरता मला पोरांचे आवाज ऐकू येत होते. मग गल्लीच्या तोंडाशी बर्फगोळेवाल्याची घंटी वाजली आणि खेळ होता तसा टाकून सगळी पोरं तिकडे पळाली. मी पाइप गुंडाळला, कूलर सुरू केला, आणि आत जाऊन कुकर लावला.

कुकरच्या शिट्ट्या झाल्यावर बाहेर आलो तर गल्ली रिकामी होती. दिवेलागण व्हायला आली होती. मी नातीला हाक मारली. पुन्हा मारली. माझी हाक बसच्या शेवटच्या सीटपर्यंत जायची, गल्लीच्या टोकापर्यंत जायला तिला काही हरकत नव्हती. उत्तर आलं नाही. तरी मी घाबरलो नव्हतो. मला राग आला होता. शेजारच्यांकडे गोळा खात बसली असेल, असं म्हणत मी त्यांच्या अंगणात गेलो. शेजारीण सकाळच्या बाजारासाठी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होती. पोरीचे ओठ गोळ्यानं लालभडक झाले होते.

"लहानी कोठी हाये?"

"मले काय माहीत आबाजी? घरी नाई का?"

"तुमच्यासंगच खेळत होती न?"

"लपली होती. मंग गोळेवाला आला." ती थांबली. "तिले शोधाचं नसते न. थे तं दूधभात हाये."

बाकीची सगळी पोरं गोळे खाऊन आपापल्या घरी गेली होती. हिला कोणी शोधलंच नव्हतं. किती वेळ झाला? कुकर लागून शिट्ट्या झाल्या, त्याआधी गोळेवाला, त्याआधी हिचं लपणं. एवढ्या वेळात गाडी सिंदी मेघेतून निघून कुठच्या कुठे जाते.

शेजारणीनं हातातली जुडी टाकली आणि आधी पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला. "लहान लेकराले सोडून गोळे खाते? लाज नाई वाटत?" आणि मग पदर खोचून ती माझ्या पुढे धावली. पाच मिनिटांत गल्ली जागी झाली. लोक दारं उघडून बाहेर आले. कुणी गच्चीवर चढलं, कुणी गाड्यांखाली वाकून पाहिलं, कुणी मोबाइलचे दिवे लावून नालीत डोकावलं. माणसागणिक हाक निघत होती. तिचं नाव गल्लीत इतक्या वेळा घेतलं जात होतं, की मला ते नाव तिचं वाटेनासं झालं. मी घरातल्या खोल्या पाहिल्या, पलंगाखाली, कपाटामागे, मोरीत, पुन्हा पलंगाखाली. पुन्हा बाहेर येऊन ओट्यावर उभा राहून हाका मारल्या. रडू येत होतं आणि मी ते आवाज मोठा करून दाबत होतो.

तेवढ्यात टोकाकडून कोणीतरी ओरडलं, "चप्पल सापडली!"

गल्लीच्या टोकाला एका नव्या घराचं काम चाललेलं आहे. बाहेर रेतीचा ढीग, आणि आत जमिनीतला पाण्याचा टाका. टाका बांधून झालेला, झाकण बसायचं बाकी. वर आडव्या दोन फळ्या आणि फाटकी ताडपत्री, आणि आत बांधकामासाठी भरून ठेवलेलं पाणी. रेतीच्या ढिगावर तिची गुलाबी चप्पल पडलेली होती. एकच.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मी त्या ताडपत्रीकडे पाहिलं, तिचा एक कोपरा आत लोंबत होता. रेतीवरच बसलो. कोपरा वाऱ्यानं लोंबत होता की कशानं, कोण सांगणार? कोणीतरी बांबू आणला. टाक्यात घालून तो ढवळायला लागला. बांबू तळाला लागला की ठक् असा आवाज यायचा. प्रत्येक ठक्‌ला मला वाटायचं, आता पुढचा आवाज वेगळा येईल. तो येऊ नये म्हणून मी कुठल्या कुठल्या देवांना काय काय बोललो ते आता आठवतही नाही. आणि आवाज नाही आला, तर मग ती कुठे आहे, हेही होतंच.

एक पोरगा शर्ट काढून आत उतरला. पाणी त्याच्या छातीला लागत होतं. तो पायानं चाचपत एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत गेला. वरून दहा जण दिवे धरून उभे होते. "लागत नाई काई," तो म्हणाला. "पन खाली गाळ हाये. मोटर लावून उपसा लागन."

मोटर आणायला दोघं गेले. एकानं पोलिसांना फोन लावला. आणि त्याच वेळी गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबला. माझी लेक हातात डोहाळजेवणाच्या लाडवांचा डबा घेऊन उतरली.

इतकी माणसं पाहून तिला वाटलं, मलाच काही झालं. ती धावतच आली, मला पाहून क्षणभर तिचा जीव भांड्यात पडला, आणि मग तिनं माझा चेहरा वाचला. मला काही सांगावं लागलं नाही. माझ्या हातात ती एक चप्पल होती. लेकीनं ती घेतली, उलटी करून पाहिली. मग टाक्याकडे पाहिलं. मला वाटलं ती ओरडेल, मला बोलेल, 'सांगितलं होतं ना' म्हणेल. तेवढं जरी बोलली असती तरी मला बरं वाटलं असतं. टाक्याच्या काठावर गुडघे टेकून ती आत वाकली आणि अगदी हळू, झोपेतून उठवताना मारतो तशी, तिनं पोरीला हाक मारली. तो आवाज मी मरेपर्यंत विसरणार नाही.

मला कुणावर तरी आग पाखडायची होती. समोर शेजारची पोर उभी होती, फ्रॉकच्या बाहीनं नाक पुसत. मी तिचा दंड धरला. "कोणत्या बाजूले गेलती? शेवटचं कोठी पाह्यलं तिले? बोल न! मुकी झाली काय?"

"चप्पल आमीच काढतो आबाजी," ती हुंदके देत म्हणाली. "रेतीवर काढून ठेवतो सारे. वाजू नाई म्हनून. दुसरी कुत्र्यानं नेली असन. थे टाक्यात नाई. मी तिले सांगतलं होतं टाक्याकडं जायचं नाई म्हनून. थे ऐकते माह्यं."

"मंग हाकेले ओ काऊन देत नाई?"

"हाक मारून थे निघनारच नाई."

आसपासचे दोघं-तिघं वळले. पोर घाबरली, पण तिनं सांगितलं. "रेसटीपमंधी नाव घेऊन हाक मारली तं निघाचं नसते. दाम देनारा फसवाले हाक मारते. 'खेळ संपला' म्हनते, 'तुही आई आली' म्हनते. मीच शिकवलं तिले. आता तुमी सारे तिले शोधून राह्यले, बॅटऱ्या घेऊन. मंग थे अजून आत दबून बसन न."

"मंग निघन कवा?"

"मी खांबापाशी पाठ करून उभी राह्यली तं. कोनी शोधून नाई राह्यलं असं वाटलं तं. धप्पा माराले येईन."

एक शेजारी, बँकेतून निवृत्त झालेले, वैतागले. "काकाजी, पोट्टीच्या नादी काय लागता? मोटर आली पाहा. पोलीस येऊन राह्यले. एकेक मिनिट मोलाचं हाये." मोटर खरंच आली होती, वायर जोडायचं चाललं होतं. माणूस बरोबर बोलत होता. पोरीच्या बोलण्यात तथ्य असेल तर नात कुठेतरी सुखरूप बसलेली होती आणि तिला घाई नव्हती. नसेल, तर आम्ही खेळ खेळत उभे राहणार होतो आणि ती त्या गाळात. हे असं मोजून ठरवायची वेळ वैऱ्यावर येऊ नये.

टाक्याच्या काठावरून लेक उठली. तिच्या गुडघ्यांना सिमेंट लागलं होतं. ती पुण्यात गेल्यापासून पुण्यासारखं बोलते, फोनवरसुद्धा. आता तिच्या तोंडून माझ्या घरची बोली आली. "बाबा, सगळ्यायले गप करा. हे पोट्टी खरं सांगून राह्यली. मी नाई निघत जाय, आठवते न तुमाले? आई गल्लीभर बोंबलत फिरे, तरी मी नाई निघत जाय."

मला आठवलं. मी उभा राहिलो आणि ज्या आवाजाची सगळे थट्टा करतात तो आवाज लावला. "मोटर थांबवा! सारे आपापल्या घरात व्हा! दिवे बंद करा! कोनी बोलाचं नाई!" लोकांना पटलं होतं असं नाही, पण बसमध्येही कुणाला पटायचं नाही, आणि तरी माणसं मागे सरकायची. मोटरवाला वायर हातात धरून तसाच थांबला. दारं लागली. शेजारीण आपल्या पोरीच्या केसांवरून एकदा हात फिरवून आत गेली. मी नि लेक आमच्या पुढच्या खोलीत आलो, दिवा न लावता खिडकीशी उभे राहिलो. कूलर घरघरत होता. मी त्याचं बटण बंद केलं.

गल्लीत ती पोर एकटी राहिली. ती खांबापाशी गेली, कपाळ टेकवलं, दोन्ही हातांनी डोळे झाकले आणि अंक म्हणायला लागली. पहिले काही अंक रडण्यातच गेले. मग आवाज जरा सरळ झाला. एकेका अंकाला मला टाक्यातला गाळ दिसत होता. लेकीनं माझं मनगट धरलं होतं. तिची नखं माझ्या कातडीत रुतली होती आणि मला ते सोडवून घ्यायचं नव्हतं. पोरीचे शंभर झाले. कोणी आलं नाही. रस्त्यावर एक कुत्रं आडवं गेलं. समोरच्या दारामागे कोणीतरी खोकलं. बँकवाल्यांचं दार किंचित उघडलं, आता ते बाहेर येणार आणि मोटर सुरू करा म्हणणार, आणि मला त्यांना थांबवायला तोंड नव्हतं. पोरीनं डोळे उघडले नाहीत. तिनं पुन्हा 'एक'पासून सुरू केलं.

बंद कूलरमधून पाणी ठिबकत होतं. त्या ठिबकण्यात दुसराच एक आवाज मिसळला, फ्लेक्स चुरचुरल्याचा. आमच्या खिडकीच्या बरोबर खाली, भिंतीच्या बाजूनं, मी बांधलेल्या फ्लेक्सचा कोपरा वर उचलला गेला आणि त्यातून एक लहानसं डोकं बाहेर आलं.

माझ्या तोंडून हाक निघालीच होती. लेकीनं माझ्या तोंडावर हात दाबला. आई आहे ती, मला वाटलं होतं मलाच तिला धरून ठेवावं लागेल. आणि तीच मला धरून उभी होती, तिचा हात सुटत नव्हता. खाली नात चारी बाजूंना पाहत बाहेर आली. कूलरच्या गळत्या पाण्यानं पाठ चिंब भिजली होती. त्या लोखंडी स्टँडला टेकून ती एवढा वेळ बसली होती. आमच्या भागात उन्हाळ्यात कूलरच्या करंटनं माणसं जातात, हे मला आत्ता आठवलं. ती अनवाणी, चवड्यांवर, भिंतीच्या कडेकडेनं फाटकापर्यंत गेली. फाटकाच्या गजांतून अंग चोरून निघाली. थांबली. उघड्या दाराच्या फटीतून बँकवाले तिच्याकडे पाहत होते. त्यांनीही श्वास रोखला असावा. मग ती धावली आणि पोरीच्या पाठीवर दोन्ही हात आपटून ओरडली, "धप्पा!"

पोर वळली आणि तिला घट्ट धरून मोठ्यानं रडायला लागली. दारं भडाभडा उघडली. माणसं बाहेर आली. कुणी हसत होतं, कुणी देवाचं नाव घेत होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, असंही कोणीतरी म्हटलं. मी फाटकाला धरून उभा राहिलो. लेक माझ्या बाजूनं वाऱ्यासारखी गेली. पोटात दाबून धरलेली सगळी भीती तिच्या हातात उतरली होती, तिनं नातीला दंडाला धरून ओढलं आणि मारायला हात उगारला.

"एवढ्या हाका मारल्या! ऐकू नाही आल्या तुला?"

"आल्या ना," नात म्हणाली. "आबांची आली. सगळ्यांची पण."

"मग?"

नातीनं आईच्या उगारलेल्या हाताकडे पाहिलंच नाही. ती गल्लीकडे पाहत होती. दारोदार उभी असलेली माणसं, बॅटऱ्या, बांबू, ओल्या अंगानं कुडकुडणारा तो पोरगा. तिचा चेहरा आनंदानं फुलून आला होता.

"आई, मी रोज तिथेच लपते. खूप वेळ बसते. कोणी येतच नाही, मग मीच बाहेर येते." तिनं एकदा सगळ्यांकडे नीट पाहून घेतलं. "आज किती जण आले मला शोधायला!"

लेकीचा हात वरच राहिला. गल्लीतली पोरं एकमेकांकडे न पाहता पायाखालच्या रस्त्याकडे पाहायला लागली. मला कुठे पाहावं ते कळेना. मोटरवाला गुपचूप वायर गुंडाळत होता.

शेजारच्या पोरीनं बाहीनं नाक पुसलं. "धप्पा बसला," ती सगळ्या पोरांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "दाम माह्यावरच हाये." आणि खांबाला कपाळ टेकवून तिनं पुन्हा अंक म्हणायला सुरुवात केली.